डबलसीट बसल्यावर घासणारा टायर : दोष वजनाचा नव्हे

दुचाकीवर एकटे असताना कसलाच आवाज येत नाही. मागे कोणी बसले आणि गाडी पहिल्या गतिरोधकावरून उतरली, की मागच्या चाकाकडून खर्रर्र असा आवाज येतो. थोड्या अंतराने जळक्या रबराचा वासही येऊ लागतो. लखनौ असो, कोइमतूर असो वा गुवाहाटी, ही तक्रार घेऊन गॅरेजात गेले की पहिला निकाल बहुधा ठरलेला असतो : वजन जास्त होत आहे. स्वार मान डोलावतो. मागून उतरून बाजूला उभी राहिलेली व्यक्ती, मग ती आई असो, पत्नी असो वा अंगाने जरा भरलेला मित्र, ओशाळून दुसरीकडे पाहते. पुढे मडगार्डचा घासणारा भाग कापला जातो किंवा स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे कोंबले जातात, आणि प्रकरण मिटले असे समजले जाते.

हा निकाल पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. ज्या दुचाकीचा टायर मूळ मापाचा आहे, शॉकॲब्सॉर्बर मूळ लांबीचे आहेत आणि चाक सरळ बसलेले आहे, तिच्या मागच्या टायरने मडगार्डला स्पर्श करणे हे, काही मोडेपर्यंत, वजनाने घडणारी गोष्टच नव्हे. टायर घासत असेल, तर त्या गाडीत कारखान्यातून निघाल्यानंतर काहीतरी बदललेले आहे. ते काय बदलले हे शोधण्याऐवजी मागे बसणाऱ्याकडे बोट दाखवणे ही निव्वळ सोय आहे, आणि या सोयीची किंमत पुढे त्याच मागे बसणाऱ्याला मोजावी लागते.

हे विधान तपासण्यासाठी मागच्या चाकाची रचना डोळ्यांसमोर आणावी. चाक ज्या लोखंडी काट्यात बसते त्याला गॅरेजच्या भाषेत चिमटा म्हणतात. चिमट्याचे पुढचे टोक सांगाड्याला बिजागरासारखे जोडलेले असते. मागचे टोक, चाकासकट, वरखाली हलते. चिमटा आणि सांगाडा यांच्यामध्ये शॉकॲब्सॉर्बर असतो. तो किती दबू शकेल याला एक पक्की सीमा असते. त्याच्या दांड्यावर रबराचा एक ठोकळा, म्हणजे बंपस्टॉप, बसवलेला असतो. दांडा पूर्ण आत गेला की हा ठोकळा टेकतो आणि प्रवास संपतो. चाक त्याहून वर जाऊ शकत नाही. स्वार एकटा असताना खोल खड्ड्यात गाडी जोरात आदळली तरी चाक याच बिंदूपर्यंत जाते, आणि दोघे असतानाही याच बिंदूपर्यंत. वजनामुळे तेथे पोहोचण्याची वेळ अधिक वेळा येते, एवढेच. बिंदू तोच राहतो. गाडीचा आराखडा करणारा अभियंता मडगार्डची जागा ठरवतो ती या शेवटच्या बिंदूवरही टायरभोवती मोकळी जागा उरेल अशा हिशेबाने. म्हणून भार खरोखरच जास्त झाला, तर गाडी तो ठोक्याने सांगते : खड्ड्यात बंपस्टॉप टेकल्याचा धप्प असा बोथट धक्का कमरेत जाणवतो. घासल्याची खरखर ही निराळी खूण आहे. ती सांगते की मोकळी जागाच कमी झालेली आहे.

मागे बसणाऱ्यामुळे गाडी किती दबते, हेही आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समजा, दोन चाकांच्या मध्यांतील अंतर १२५० मिलिमीटर आहे आणि सहप्रवाशाचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या १५० मिलिमीटर पुढे आहे. तरफेच्या नियमाने त्याच्या वजनाचा ११०० भागिले १२५०, म्हणजे ८८ टक्के भाग मागच्या चाकावर येतो. पासष्ट किलोच्या माणसाचे सत्तावन्न किलो मागे, आठ किलो पुढे. स्वाराचे तसे नसते. तो एक्सलच्या सुमारे अर्धा मीटर पुढे बसलेला असल्याने त्याचे साठ टक्केच वजन मागे येते. (मागच्या एक्सलच्याही पलीकडे खोके बांधून फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्या मुलांचे गणित आणखी विचित्र आहे. एक्सलच्या २५० मिलिमीटर मागे ठेवलेले वीस किलोचे खोके मागच्या चाकावर चोवीस किलोचा भार टाकते आणि पुढचे चाक चार किलोंनी हलके करते. त्या मुलांच्या गाड्यांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.)

आता मागच्या स्प्रिंगांची चाकापाशी मोजलेली एकत्रित ताठरता मिलिमीटरला २० न्यूटन धरू. सत्तावन्न किलो म्हणजे सुमारे ५६० न्यूटन; गाडी आणखी २८ मिलिमीटर खाली बसेल. एकट्या स्वाराच्या वेळी ती ३४ मिलिमीटर बसली असेल तर दोघांच्या वेळी ६२. चाकाचा एकूण प्रवास १०० मिलिमीटर असेल, तर खड्ड्यासाठी ६६ ऐवजी ३८ मिलिमीटरच उरले. बंपस्टॉप वारंवार का गाठला जातो हे येथे कळते. शिवाय स्प्रिंगवरचे वस्तुमान शंभर किलोवरून १५७ किलोवर गेले की हेलकाव्याची वारंवारता सेकंदाला सव्वादोनवरून १.८ वर येते, आणि तेच जुने तेल तेवढेच अवमंदन देत असल्याने अवमंदनाचे गुणोत्तर सुमारे वीस टक्क्यांनी घटते. शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत असेल तर विचारायलाच नको. गाडी एका खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलत राहते आणि प्रत्येक डोलण्यात शेवटच्या बिंदूला भिडते.

यासाठीच प्रीलोडची सोय असते. शॉकॲब्सॉर्बरच्या बुडाशी पायऱ्या असलेले एक कडे असते. आकड्यासारख्या पान्याने ते फिरवले की स्प्रिंग बसल्या जागी थोडी अधिक दाबली जाते. स्प्लेंडरसारख्या साध्या, देशभर पसरलेल्या गाडीतही अशा पाच पायऱ्या असतात. अनेक गाड्यांची ही कडी विक्रीच्या दिवशी जेथे होती तेथेच, चिखलाने लिंपून, गाडी भंगारात जाईपर्यंत राहतात. आणि जे ती फिरवतात त्यांच्यातही असा समज असतो की प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते. तसे होत नाही. स्प्रिंगची ताठरता तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या व्यासावर, धातूवर आणि मोकळ्या वेढ्यांच्या संख्येवर ठरते. कडे फिरवल्याने यांपैकी काहीही बदलत नाही. बदलते ती उंची. चाकापाशी मोजलेला प्रीलोड १० मिलिमीटरने वाढवला तर ६२ मिलिमीटर बसलेली गाडी ५२ वर येते आणि खड्ड्यासाठी ४८ मिलिमीटर उरतात. हूकचा नियम अकरावीला शिकलेल्या विद्यार्थ्याला हे एका ओळीत सिद्ध करता यावे. परंतु त्या धड्यात स्प्रिंग छताला टांगलेली असते, आणि वर्गाबाहेर उभ्या असलेल्या गाडीत ती आधीच दाबून बसवलेली असते. या दोन स्प्रिंगा एकच आहेत हे कोणी सांगितल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही.

प्रीलोडची मर्यादाही याच गणितातून निघते, आणि बहुतेक सल्ले नेमके येथे थांबतात. दोघे बसणार असतील तर प्रीलोड वाढवणे योग्यच. ते आरामासाठी, पकडीसाठी आणि पुढच्या दिव्याचा झोत झाडांवर न जाता रस्त्यावर पडावा म्हणूनही आवश्यक आहे. पण बंपस्टॉप ज्या बिंदूवर टेकतो तो प्रीलोडने हलत नाही. टायर त्या बिंदूवर घासत असेल तर प्रीलोड वाढवून घासणे विरळ होईल, थांबणार नाही. दिवसाला तीसदा ऐकू येणारा आवाज तीनदा ऐकू येईल, आणि स्वार समाधानाने विसरून जाईल.

मग बदललेले असते काय? बहुतेक वेळा टायर. मूळ टायर १००/९०-१७ असताना दुकानदाराच्या सांगण्यावरून किंवा गाडी दणकट दिसावी म्हणून ११०/९०-१७ बसवला जातो. या आकड्यांत पहिली संख्या रुंदी, दुसरी त्या रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची. मूळ टायरची बाजू ९० मिलिमीटर, नव्याची ९९. म्हणजे टायरचा माथा नऊ मिलिमीटर वर आला आणि दोन्ही अंगांना पाच-पाच मिलिमीटर सरकला. १२०/८०-१७ बसवला तर माथा सहा मिलिमीटर वर, बाजू दहा-दहा मिलिमीटर बाहेर. रुंद टायर मूळच्या अरुंद रिमवर चढवला की त्याच्या कडा आत आवळल्या जातात आणि माथा कागदावरच्या हिशेबापेक्षाही फुगतो. वेगात केंद्रोत्सारी परिणामाने टायर थोडा आणखी वाढतो. लहान गाड्यांवरच्या बायस टायरमध्ये ही वाढ रेडियलपेक्षा जास्त असते. कारखान्याने शेवटच्या बिंदूवर पंधरा मिलिमीटर मोकळे सोडले होते असे धरले, तर त्यातले नऊ पहिल्याच दिवशी संपले. उरलेले जुन्या, झिजलेल्या बंपस्टॉपने आणि किंचित वाकलेल्या मडगार्डने खाल्ले. एकट्याच्या वेळी हे कळत नाही, कारण चाक तेथवर क्वचित जाते.

दुसरे कारण आखूड शॉकॲब्सॉर्बर. उंची कमी असलेल्या स्वारासाठी गाडी खाली आणणे हल्ली सर्रास चालते. पाय जमिनीला पुरावेत ही गरज खरी आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र बसकणीचा फोम कमी करून उंची घटवणे आणि शॉकॲब्सॉर्बर आखूड करणे यांत भौतिकीदृष्ट्या मोठा फरक आहे. चाकापाशी वीस मिलिमीटर आखूड केलेली रचना पूर्ण दबली की चाक मूळ आराखड्यापेक्षा वीस मिलिमीटर वर जाते. पंधरा मिलिमीटरची मोकळी जागा असलेल्या गाडीत याचा अर्थ उघड आहे.

तिसरे कारण चाक तिरके बसणे. चेन ताणताना एका बाजूचा ॲडजस्टर एक खूण जास्त फिरला, की टायर एका अंगाला झुकतो. येथे एक छोटी कसोटी फार उपयोगी पडते. चेनकव्हर बहुतेक गाड्यांत चिमट्यालाच जोडलेले असते, म्हणजे ते चाकाबरोबरच वरखाली जाते. त्यामुळे गाडी कितीही दबली तरी टायर आणि चेनकव्हर यांच्यातील अंतर बदलत नाही. टायर चेनकव्हरला घासत असेल तर स्प्रिंगला हातही लावू नये. चाकाची सरळ रेषा, चाकाचे बेअरिंग, चिमट्याचे बुश आणि टायरची रुंदी तपासावी. दोघे बसल्यावरच ते घासत असेल तर बुश किंवा बेअरिंगमध्ये खेळ आलेला असण्याची शक्यता अधिक, कारण वजनाने तो खेळ उघडा पडतो. उलट घासल्याची रेघ टायरच्या माथ्यावर मधोमध असेल, तर मामला वरच्या मडगार्डचा आणि शेवटच्या बिंदूचा आहे. टायरच स्वतःच्या अंगावर निदान लिहून ठेवतो; ते वाचायला खडू आणि दोन मिनिटे पुरतात.

हवा कमी असल्याने टायर वर घासतो, हाही एक लाडका गैरसमज. हवा कमी असली की टायर फुगतो तो जमिनीला टेकतो तेथे. वरचा भाग जवळजवळ तसाच राहतो. दोघांसाठी मागच्या टायरमध्ये पुस्तिकेत सांगितलेली जादा हवा भरावीच, पण ती टायर तापू नये आणि गाडी सरळ राहावी म्हणून.

मोकळी जागा नेमकी किती उरते हे मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मडगार्डच्या आतल्या बाजूला, टायरच्या बरोबर वर, घट्ट मळलेल्या कणकेचे अंगठ्याएवढे दोन-तीन गोळे चिकटवावेत आणि शॉकॲब्सॉर्बरच्या चकचकीत दांड्याला एक बारीक रबरबँड गुंडाळावा. दोघांनी बसून मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, दोन-चार गतिरोधकांवरून फेरी मारावी. रबरबँड वर सरकून जेथे थांबला तेथवर दांडा आत गेला होता. कणकेचा गोळा दबून जितका जाड उरला, तितकी जागा शिल्लक होती. इंजिन बांधणारे झडप आणि पिस्टन यांमधले अंतर मऊ मातीचा गोळा ठेवून याच पद्धतीने मोजतात. रबरबँड बंपस्टॉपपर्यंत गेला आणि कणीक बोटभर जाड उरली, तर गाडी निर्दोष आहे. रबरबँड अर्ध्यावर असतानाच कणीक पापडासारखी झाली असेल, तर वजनाविषयी पुढे एक शब्दही बोलू नये; टायरचे माप वाचायला घ्यावे.

मडगार्ड कापण्याच्या उपायाविषयी कठोर बोलणे भाग आहे. अनेक गाड्यांत मागच्या दिव्याची वायर मडगार्डच्या आसपासच नेलेली असते. प्लॅस्टिक गेले की टायरला पुढचा शेजारी मिळतो तो ही वायर, नाहीतर सांगाड्याचा बोल्ट. वायर तुटली की ब्रेकचा दिवा जातो आणि ते मागून येणाऱ्या ट्रकवाल्याखेरीज कोणालाच कळत नाही. बोल्टचे प्रकरण आणखी वाईट. साठ किलोमीटर वेगाला टायरचा पृष्ठभाग सेकंदाला १६.७ मीटर धावत असतो. घासणारा भाग वीस न्यूटनने, म्हणजे दोन किलो वजनाच्या दाबाने टेकला आणि घर्षण गुणांक ०.७ धरला, तर तेथे सुमारे २३० वॉट उष्णता निर्माण होते. तीस वॉटच्या सात-आठ सोल्डरिंग आयर्नांइतकी. प्लॅस्टिक वितळून बाजूला होते, म्हणून ते त्यातल्या त्यात बरे. बोल्टचे डोके वितळत नाही. ते प्रत्येक फेऱ्यात एकाच रेघेवर चरते, आणि या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेते. रबराखालचे धागे उघडे पडले की टायर कधी फुटेल याचा भरवसा नाही, आणि तो फुटला तर त्या क्षणी गाडीवर बहुधा दोघे असतील, कारण घासणे दोघांच्याच वेळी होत होते.

स्प्रिंगमधल्या रबरी ठोकळ्यांची गोष्ट जरा वेगळी. ते काही वेढे बांधून टाकतात. मोकळे वेढे कमी झाले की ताठरता खरोखर वाढते, हे सूत्रातच आहे. पण तेवढाच प्रवास आता उरलेल्या वेढ्यांना सोसावा लागतो, त्यांच्यातला ताण वाढतो. शिवाय वाढलेल्या ताठरतेसाठी तेलाचे अवमंदन बनवलेलेच नसते. गाडी घोड्यासारखी उडते. मागे बसणाऱ्याच्या कण्याला विचारावे.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. त्यांतल्या कितींचा टायर घासत होता हे या आकड्यावरून सांगता येत नाही, आणि तसा दावाही येथे नाही. मुद्दा असा की, या देशात दुचाकी हे कुटुंबाचे वाहन आहे आणि तिच्यावरची दुसरी व्यक्ती हा अपवाद नाही. मोटार वाहन कायद्याचे १२८ वे कलम मागे एकाच व्यक्तीला परवानगी देते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम तिच्या हातांसाठी पकड, पायांसाठी आधार आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मे चाक झाकणारे आवरण मागतो, ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो. हात, पाय आणि पदर यांचा विचार झाला. वजनाचा विचार मात्र नोंदणीपत्रातल्या एकूण भाराच्या एका आकड्यात संपतो. अनेक लहान गाड्यांच्या पुस्तिकेत स्वार, सहप्रवासी आणि सामान मिळून १३० किलोच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. सत्तर आणि पासष्ट किलोची दोन माणसे पिशवी न घेताच ती ओलांडतात.

पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट यांसारख्या संस्थांकडून नव्या गाडीचा नमुना तपासून घेतल्याखेरीज ती बाजारात येत नाही. म्हणजे मोकळ्या जागेचे, प्रवासाचे, भाराचे आकडे कंपन्यांकडे असतात. ते मालकापर्यंत पोहोचत नाहीत. चेनकव्हरवर हवेच्या दाबाचे स्टिकर असते, तसेच त्याच्या शेजारी तीन ओळींचे दुसरे स्टिकर लावायला अडचण कोणती? एकट्यासाठी प्रीलोडची पायरी कोणती, दोघांसाठी कोणती, आणि मागे बसवता येणारा सर्वांत मोठा टायर कोणत्या मापाचा. सोबत कडे फिरवायचा पाना गाडीच्या किटमध्ये द्यावा. काही किटांतून तो गायब असतो. आणि टायर विकणाऱ्या दुकानदाराने मोठ्या मापाचा टायर चढवण्यापूर्वी गाडीवर दोघांना बसवून बोट घालून जागा पाहावी. हे काम दोन मिनिटांचे आहे, आणि टायरच्या किमतीत ते सहज बसते.

तोपर्यंत आवाज आला की क्रम असा ठेवावा. गाडी थांबवून टायरवरची रेघ पाहावी. टायरचे माप नोंदवून पुस्तिकेतल्या मापाशी ताडावे. चाक सरळ आहे का, बुशमध्ये खेळ आहे का, शॉकॲब्सॉर्बर ओला आहे का, ते पाहावे. मग प्रीलोड दोन पायऱ्या वाढवून कणकेची फेरी मारावी. माप मोठे निघाले तर मूळ मापाचा टायर परत बसवावा, नवा टायर विकत घेतल्याचे दुःख गिळून. आणि घरी परतल्यावर, दुसऱ्या दिवशी एकट्याने कामावर जाण्यापूर्वी, प्रीलोड पुन्हा उतरवायला विसरू नये. नाहीतर संध्याकाळपर्यंत पाठ दुखेल आणि त्याचेही खापर आदल्या दिवशी मागे बसलेल्या व्यक्तीवर फुटेल.